कडप्प्यावरचे पांढरे चट्टे, आणि ओट्याविषयीची बाकी पत्रं

गेल्या अंकात मी वाचकांना एक विनंती केली होती : जुना ओटा तोडायचा ठरवण्याआधी एकदा मला लिहा. पत्रं भरपूर आली. ओटा पुन्हा चांगला दिसेल का आणि ते काम घरच्या घरी जमेल का, हेच बहुतेकांना विचारायचं आहे. पुष्कळदा जमतं. माझे वडील मोझॅक आणि फरशी पॉलिशचं काम करायचे आणि मी त्यांच्या हाताखालीच शिकले, म्हणून हे खात्रीने सांगते. पण ओटा कशाचा आहे हे समजल्याशिवाय त्याला हात लावू नका. ग्रॅनाइटला जे चालतं त्याने कडप्पा खराब होतो, आणि संगमरवरासाठी जे वापरतो ते काळ्या दगडाला लावायचं नसतं. या वेळी काही पत्रं पूर्ण घेतली आहेत, काहींचा गाभा तेवढा.

प्रश्न : ताई, पुण्यात नारायण पेठेत आमची १९८४ सालची इमारत आहे. स्वयंपाकघरात साडेआठ फुटी कडप्प्याचा ओटा आहे. सासूबाईंच्या वेळी तो काळाभोर होता. आता गॅसच्या डाव्या हाताला आणि सिंकच्या कडेने पांढरट, खरखरीत चट्टे पडलेत. कामाच्या मावशी दर शनिवारी दारावर मिळणाऱ्या ॲसिडने घासतात. त्या दिवशी बरं दिसतं, दोन दिवसांनी पुन्हा पांढरं. मुलगा म्हणतो, तोडून ग्रॅनाइट बसवू. मला हा ओटा ठेवायचा आहे.

उत्तर : ठेवा. फक्त ती ॲसिडची बाटली आजच घराबाहेर काढा, कारण तुमच्या ओट्याचं निम्मं नुकसान तिनेच केलंय.

कडप्पा हा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातून येणारा चुनखडीचा दगड. शहाबादी आणि कोटा हेही चुनखडीचेच. चुनखडीला आंबट काहीही सोसत नाही. लिंबू, चिंचेचा कोळ, आगळ, व्हिनेगर, टोमॅटोचा रस यांतलं काहीही सांडून तसंच राहिलं, की दगडाचा वरचा गुळगुळीत थर विरघळतो. गॅसच्या डावीकडे तुम्ही लिंबू चिरत असाल किंवा चिंच भिजवलेली वाटी ठेवत असाल, आठवून बघा. म्हणजे तिथे वरून काही चिकटलेलं नाही, तिथला दगडच खाल्ला गेलाय. म्हणून कितीही साबण, सोडा, पावडर लावली तरी तो चट्टा जात नाही. दारावरचं ॲसिड म्हणजे पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड, लिंबापेक्षा कितीतरी जहाल. ते साबणाचा आणि क्षारांचा थर उडवतं आणि ओला दगड काळा दिसतो, म्हणून त्या दिवशी बरं वाटतं. वाळला की आणखी थोडा खाल्लेला पृष्ठभाग वर येतो. याच ॲसिडने स्टीलच्या सिंकला बारीक खड्डे पडतात. आणि हे मावशींनाही नीट सांगा : ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

दगडाबद्दल शंका असेल तर ओट्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा मिनिटाभरात तिथली चमक गेली, तर चुनखडी किंवा संगमरवर. काहीच झालं नाही तर ग्रॅनाइट. थेंब लगेच पुसून घ्या.

आता काम. सलग सुट्टीचे दोन दिवस धरा आणि मुलाला सोबत घ्या, हे एकट्याचं काम नाही. आधी रेग्युलेटर बंद करून सिलिंडर आणि शेगडी बाजूला काढा. त्या निमित्ताने गॅसच्या नळीवरचं वर्ष बघून घ्या. पाच वर्षं झाली असतील तर नळी बदलायचीच. ओटा साध्या भांड्याच्या साबणाने धुवा. तेलाचा जुना चिकट थर असेल तो पत्र्याच्या पट्टीने, पट्टी जवळजवळ आडवी धरून, खरवडून काढा. धुऊन रात्रभर वाळू द्या.

हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मागा. काळा, पाण्यात भिजवून घासायचा तो. १२०, २२० आणि ४०० नंबर आणा. खरखरीत नंबर लवकर झिजतो, म्हणून १२० चे ताव जास्त घ्या. चट्टे नखाला लागण्याइतके खोल असतील तर सुरुवात ८० ने करा. एका तावाचे चार तुकडे करा आणि तुकडा सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या हाताने घासलं की बोटांचा दाब कमीजास्त पडतो आणि दगडावर लाटा उठतात. मग दुपारी खिडकीतून तिरपा उजेड आला की त्या सगळ्या दिसतात.

ओट्यावर पाण्याचा शिपका मारत राहा. सबंध फरशी घासायची, चट्ट्यापुरती नाही. एकच जागा घासत बसलात तर तिथे खळगा होतो. वडिलांनी शिकवलेली एक गोष्ट इथे फार उपयोगी पडते. १२० नंबर ओट्याच्या लांबीच्या दिशेने चालवा, २२० रुंदीच्या दिशेने, ४०० पुन्हा लांबीच्या. प्रत्येक वेळी आधीच्या नंबरचे ओरखडे आडवे दिसतात. ते सगळे गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. नंबर बदलताना ओटा, ठोकळा, हात, सगळं धुऊन घ्या. १२० चा एक कण राहिला तरी ४०० च्या कामावर लांब रेघ उमटते. घासताना करडा चिखल निघेल. तो स्पंजने बादलीत गोळा करा, सिंकमध्ये सोडू नका. खालच्या वाकड्या पाइपात जाऊन बसला की दगडासारखा घट्ट होतो.

४०० झाल्यावर ओटा हाताला रेशमी लागेल आणि वाळल्यावर राखाडी दिसेल. घाबरू नका. ओलं बोट फिरवलंत की खालचा काळा रंग दिसतोच. पुढे ६००, ८००, १००० असं जाऊन चमक आणता येते, पण मी तुम्हाला ४०० वर थांबायला सांगेन. चकचकीत कडप्प्यावर पहिलं लिंबू सांडलं की तेवढाच भाग मंद होऊन डोळ्यांत भरतो. मंद ओट्यावर तो चट्टा दिसतच नाही, आणि दिसलाच तर ४०० चा एक तुकडा पाच मिनिटं फिरवला की काम झालं. ज्या घरात रोज स्वयंपाक होतो तिथे मला हाच ओटा योग्य वाटतो.

काळेपणासाठी दोन मार्ग आहेत. एक, दगडात मुरणारा आणि रंग गडद करणारा सीलर. डब्यावर अन्नाच्या संपर्काला चालतो असं लिहिलेलं असेल तोच घ्या, पातळ लावा आणि सांगितलेल्या वेळात जादाचा पुसून काढा. दुसरा मार्ग स्वस्त : औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. ते पोटात घ्यायचं औषध आहे, त्यामुळे कणकेला लागलं तरी भीती नाही. सुती कापडाने चोळा, तासाभराने पुसा, रंग उतरला की पुन्हा लावा. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल नको, ते चिकट होतं आणि त्याला खवट वास येतो. बाजारात डब्यात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेलही नको. त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, आणि त्या तेलाचे बोळे चुरगाळून ठेवले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात. बुटाचं काळं पॉलिश कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. जिथे पोळ्या लाटतो तिथे ते लावायचं नसतं.

कुठे पापुद्रे सुटले असतील तर नाण्याने ठोकून बघा. कडप्पा थराथरांचा असतो आणि कधी कधी थरच सुटतो. ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं चिकट रेझिन) आत सोडून वर वजन ठेवा आणि घासण्याचं काम त्यानंतर करा. अर्ध्याहून अधिक फरशी पोकळ वाजत असेल तर तेवढी एक फरशी बदला. पूर्ण ओटा काढण्याचं कारण तेव्हाही नाही. आणि मुलाला सांगा, त्या काळच्या जाड कडप्प्याखाली उभ्या कडप्प्याचेच कप्पे असतात. वरचा ओटा फोडताना ते हलतात, सिंकच्या जोडण्या निघतात, भिंतीच्या टाइल्स फुटतात, आणि काम एका ओट्याचं राहत नाही.

प्रश्न : ठाण्याला म्हाडाच्या जुन्या घरात पांढऱ्या सहा इंची टाइल्सचा ओटा आहे. टाइल्स चांगल्या आहेत, पण सांधे काळे पडलेत आणि कितीही घासले तरी पांढरे होत नाहीत. वरून एपॉक्सी ओतून संगमरवरासारखा ओटा करता येतो असं मुलीने दाखवलं. करावं का?

उत्तर : ओतू नका. एपॉक्सीचा तो प्रकार दिसतो सुंदर, पण घरी लावता येणारी बहुतेक रेझिन्स साधारण ५० ते ६० अंशांपुढे मऊ पडू लागतात. आपण कुकर उतरवून थेट ओट्यावर ठेवतो, फोडणीची कढई ठेवतो. पहिल्याच आठवड्यात गोल ठसे उमटतील. सुरीचे चरे पडतात आणि खिडकीजवळचा भाग उन्हाने पिवळा होतो. ज्या स्वयंपाकघरात गरम भांड्याखाली नेमाने काहीतरी ठेवतात, तिथे ते टिकेल. आपल्याकडे तो नेम टिकत नाही.

एपॉक्सी तुम्हाला हवीच आहे, पण ती सांध्यात. तुमचे सांधे पांढऱ्या सिमेंटचे आहेत. सिमेंट सच्छिद्र असतं. तेल, हळद, भांड्याचं पाणी आत मुरतं आणि वरून घासून ते बाहेर येत नाही. जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा एका टोकाला कापड गुंडाळून धरा आणि प्रत्येक सांधा दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडा. टाइलची कड उडू नये म्हणून घाई करू नका. हे काम कंटाळवाणं आहे, रोज थोडं केलं तरी चालतं. मग ब्रशने धूळ काढा, साबणाच्या पाण्याने तेल काढा आणि रात्रभर पंखा लावून पूर्ण कोरडं करा. ओल राहिली तर सगळी मेहनत पाण्यात.

एपॉक्सी ग्राउटमध्ये, म्हणजे सांधे भरायच्या मालात, दोन द्रव आणि एक भुकटी येते. डब्यावरचं प्रमाण जसंच्या तसं पाळा. सिमेंटसारखं अंदाजाने सैल-घट्ट केलं तर ते कधीच नीट कडक होत नाही. थोडं थोडंच कालवा, उन्हाळ्यात ते फार लवकर आवळतं. रबरी पट्टीने सांध्याला तिरकं भरा. टाइलवर राहिलेला पातळ थर ओल्या मऊ स्क्रबने लगेच पुसा. एकदा कडक झाला की तो निघत नाही, आणि या कामात सगळ्यांत जास्त घरं इथेच फसतात. हातमोजे घालाच, कच्च्या एपॉक्सीने कातडीला कायमची ॲलर्जी जडू शकते. पूर्ण दिवसभर पाणी लागू देऊ नका आणि आठवडाभर जोराने घासू नका.

एखादी टाइल फुटलेली असेल आणि तो आकार दुकानात मिळत नसेल, तर ओट्याखाली सिलिंडरच्या मागे बघा. त्या काळी तिथेही त्याच टाइल्स लावत. तिथली एक काढून वर आणायची, खाली कुठलीही चालते.

प्रश्न : काकू, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे. आमच्या काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याची चमक गेली आहे. माझ्याकडे अँगल ग्राइंडर आहे. डायमंड पॅड आणून मीच पॉलिश करू का?

उत्तर : तुझी उमेद आवडली, पण ग्राइंडर आधी कपाटात ठेव.

ग्रॅनाइट कडप्प्यापेक्षा कितीतरी कठीण. घरातल्या वापराने त्याची चमक सहसा झिजत नाही, ती झाकली जाते. साबणाचा थर, तेल आणि बोअरच्या पाण्यातले क्षार एकावर एक बसतात. ओटा ओला करून नवीन ब्लेड आडवं धरून हळू खरवड. पांढरट साय निघाली तर तुझं पॉलिशचं काम बहुतेक इथेच संपलं. सिंकभोवतीच्या क्षारांना निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर लावून दहा मिनिटांनी धू. ग्रॅनाइटला ते चालतं, तरी आधी कोपऱ्यात लावून बघ, कारण काळा ग्रॅनाइट म्हणून विकलेला प्रत्येक दगड ग्रॅनाइट असतोच असं नाही. पांढऱ्या कापडावर थोडं ॲसिटोन घेऊन न दिसणारा कोपरा पूस. कापड काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. मग तो घासायचाच नाही, खालून राखाडी निघेल.

तेलाने एखादा भाग गडद झाला असेल, बहुतेक शेगडीपुढे असतो, तर मुलतानी माती आणि पातळ भांड्याचा साबण यांचा जाड लेप लाव, वर प्लास्टिक पसरून कडा चिकटव. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप आपोआप वाळू दे. वाळताना तो तेल वर ओढून घेतो. जुना डाग असेल तर दोन-तीनदा करावं लागतं.

एवढं करूनही दगड खरोखर झिजलेला दिसला, तरच पॅड. तुझा ग्राइंडर मिनिटाला दहा ते बारा हजार फेरे मारतो. ओले डायमंड पॅड साधारण साडेचार हजारांच्या आतच चालवायचे असतात. जास्त वेगात पॅड जळतो, दगड तापून पांढरा पडतो, कधी पॅडच सुटून उडतो. त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. साधा ग्राइंडर पाण्याबरोबर वापरायला बनवलेलाच नसतो. ओला ओटा, ओले हात आणि २३० व्होल्ट, हा खेळ मी कुणालाही खेळू देणार नाही. पाण्याची जोडणी असलेलं, वेग कमी-जास्त होणारं पॉलिशर भाड्याने मिळालं, आणि घरात ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेलं असेल, तरच विचार कर.

आणि पाणी नको म्हणून कोरडं घासायचं तर अजिबात नाही. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते. ती इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही, फुफ्फुसात जाऊन बसते आणि परत येत नाही. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर औषध नाही. राजस्थानात दगडाच्या कामगारांत हा आजार इतका पसरला, की राज्य सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं. वडिलांच्या बरोबरीने कोरडा कटर चालवणारे एक काका मी पाहिलेत. शेवटच्या वर्षांत त्यांना जिन्याच्या चार पायऱ्या एका दमात चढता येत नसत. नाकाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. तुझ्या घरी कुणी कारागीर येऊन कोरडं कापू लागला तर त्यालाही थांबव आणि पाणी दे.

हाताने धरायचे, मागे फोम असलेले डायमंड पॅड मिळतात. वेळ लागतो, पण छोट्या जागेला ते उत्तम.

प्रश्न : मेलबर्नला आमच्या जुन्या घरात क्वार्ट्झचा ओटा आहे. गरम कढईचा पिवळा ठसा उमटलाय. घासून निघेल का?

उत्तर : घरी घासू नका. क्वार्ट्झ म्हणून विकला जातो तो ओटा म्हणजे दगडाचा चुरा आणि रेझिन. चुऱ्याचं प्रमाण साधारण ९० टक्के, त्यामुळे त्याच्या धुळीत सिलिका ग्रॅनाइटपेक्षाही पुष्कळ जास्त. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असे ओटे बनवायला, विकायला आणि बसवायला बंदी घातली. आधी बसवलेले काढावे लागत नाहीत आणि नुसत्या वापराने धोका नाही. धोका कापताना आणि घासताना आहे. तुमचा पिवळा ठसा वर बसलेला नाही, रेझिनच भाजलं आहे, त्यामुळे पुसून तो जाणार नाही. तिथे दुरुस्ती करायची तर धुळीची व्यवस्था असलेल्या जाणत्या माणसाकडूनच. मी असते तर त्या जागेवर पोळपाट ठेवला असता. भारतात हाच माल सर्रास बसवला जातो. इथल्या वाचकांनी निदान कापण्याचं काम घरात न करता दुकानात, पाण्याखाली करून घ्यावं.

प्रश्न : नाशिक. कडप्पा न तोडता त्याच्यावरच ग्रॅनाइट बसवता येईल का?

उत्तर : येतो, पण आधी दोन गोष्टी मोजा. पहिली उंची. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट आणि खालचा माल मिळून ओटा दीड इंचाने वर येतो. ओट्यासमोर उभं राहा, कोपर वाकवा. कोपरापासून ओटा चार ते सहा इंच खाली असेल तर पाठ आणि खांदे सुखी राहतात. कणीक मळताना तर आणखी खाली असलेला बरा. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती बुटकी असेल तर हा दीड इंच रोज जाणवतो, आणि ही मोजणी तिच्या मापाने करायची, मिस्त्रीच्या नाही. दुसरं वजन. १८ मिलिमीटर ग्रॅनाइट चौरस मीटरला जवळपास ४९ किलो भरतो. खालचे उभे कप्पे दोन फुटांपेक्षा लांब अंतरावर असतील, किंवा कडप्प्याला मधे तडा असेल, तर आधी एक आधार वाढवा. शेगडीसाठी खाच कापून घेणार असाल तर तिचे कोपरे काटकोनी ठेवू नका, गोल ठेवायला सांगा. तडे नेहमी काटकोनातून सुरू होतात.

प्रश्न : मालवणला आजोळच्या घरात लाल कोब्याचा ओटा आहे. बारीक भेगा आहेत आणि काही ठिकाणी रंग उडालाय. तो तसाच ठेवायची इच्छा आहे.

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. असे ओटे आता कमी राहिलेत. तो सिमेंट आणि लोखंडाच्या ऑक्साइडचा आहे, म्हणजे रंग वर लावलेला नाही, आत मिसळलेला आहे. पण सिमेंटलाही आंबट सोसत नाही आणि मालवणच्या स्वयंपाकघरात आगळ तर रोजचं. रंग उडालेल्या जागा बहुतेक तिथल्याच असतील.

केसासारख्या भेगा भरू नका. ताजा रंग जुन्याशी कधीच जुळत नाही, आणि भरलेली भेग न भरलेलीपेक्षा जास्त दिसते. नख आत जाईल एवढी भेग असेल तर ती स्वच्छ करून ओली करा, सिमेंट आणि लाल ऑक्साइडची पातळ लापशी भरा, आणि आठवडाभर ओलं पोतं टाकून ठेवा. आधी थोडी लापशी एका कौलाच्या तुकड्यावर वाळवून रंग बघा, ओली असताना ती नेहमी गडद दिसते. मग ४०० च्या वॉटर पेपरने हलक्या हाताने सबंध ओटा फिरवून घ्या. जोर लावू नका, वरचा रंगीत थर पातळ असतो, खालून करडं सिमेंट निघालं तर परतीचा रस्ता नाही. पूर्ण वाळल्यावर मधमाशीचं मेण चोळा. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, थेट आचेवर कधीच नाही, आणि त्यात थोडं लिक्विड पॅराफिन घाला म्हणजे मऊ राहतं. लोकरीच्या जुन्या कापडाने घासलंत की लाल रंग पुन्हा खोल दिसू लागतो. दिवाळी आणि गणपती, वर्षातून दोनदा पुरे.

प्रश्न : नागपूर. पांढऱ्या संगमरवरावर हळदीचे डाग पडलेत. साबण लावला तर लाल झाले.

उत्तर : लाल होणारच, साबण अल्कधर्मी असतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यामागेही हेच आहे. साध्या पाण्याने धुतलं की पुन्हा पिवळं दिसेल. औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, ६ टक्क्यांचं मिळतं. हातमोजे घालून त्यात कापूस भिजवा, डागावर ठेवा, वर प्लास्टिक झाका आणि काही तास राहू द्या. मग धुवा. राहिलेला फिकट पिवळेपणा ऊन लागलं तर आपोआप उडतो, हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. लिंबू लावू नका, डाग जाईल आणि त्याच्या जागी चट्टा येईल. काळ्या दगडावर पेरॉक्साइड वापरू नका. आणि संगमरवरावरचे तेलाचे डाग काढायला मुलतानी माती नको, तिचा पिवळा रंग मुरतो. तिथे खडूची पूड घ्या.

प्रश्न : रत्नागिरी. ओटा घासून छान झाला, पण सिंकच्या सांध्यातून पाणी खालच्या कपाटात झिरपतं आणि तिथलं सिलिकॉन काळं पडलंय. वरून नवीन लावू का?

उत्तर : जुन्यावर नवीन सिलिकॉन चिकटत नाही, दोन महिन्यांत सालीसारखं निघेल. जुनं पूर्ण कापून काढा, सांधा स्पिरिटने पुसा आणि एक दिवस सिंक कोरडं ठेवा. शेजारच्या नळावर भांडी घासा, पण सांधा ओला नको. नवीन घेताना बुरशीला दाद न देणारं आणि न्यूट्रल लिहिलेलं घ्या. स्वस्त सिलिकॉन उघडलं की व्हिनेगरसारखा वास येतो, कारण सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि तुमचा ओटा कडप्प्याचा असेल तर त्या कडेने पांढरी रेघ येईल. सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, एका दमात भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि सिलिकॉन ओलं असतानाच पट्टी ओढून काढा. चोवीस तास नळ बंद.